किल्ली टाकून देणारा माणूस

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना अख्खी इमारत सफाचट म्हणते. तोंडावर नव्हे, तोंडावर ते 'काका' असतात, जिना उतरून गेले की सफाचट होतात. त्यांना हे माहीत आहे, आणि मला वाटतं मनातून ते थोडे सुखावतातही. लोकांना पदव्या मिळवायला वर्षं घालवावी लागतात, यांना ही घरबसल्या मिळाली.

वापरून झालेली वस्तू घरात दिसली की या माणसाच्या पोटात दुखतं. 'वापरून झालेली' याची त्यांची व्याख्या मात्र जरा सढळ आहे. वर्तमानपत्र त्यांचं वाचून झालं की ते वाचून झालं. बायकोचं अजून व्हायचंय, हा मुद्दा त्यांच्या ध्यानातच येत नाही. म्हणून वहिनी सकाळचा पेपर दारातच उभ्या उभ्या वाचून घेतात आणि मग आत नेऊन नवऱ्याच्या हातात देतात. सासूबाई राहायला आल्या की चष्मा दोरीने गळ्यात बांधून ठेवतात आणि कवळी झोपतानाही काढत नाहीत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत बोललं तर आवाज घुमतो. तिथे फार वेळ बसलं की मला आपली धास्ती वाटायला लागते, की याचंही काम झालं असं समजून हे मलाही उचलून खाली ठेवून येतील.

नोकरी त्यांनी एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात केली. त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालून गेला की मागे टाचणीएवढा कचरा राहायचा नाही. काम करताना तयार झालेल्या सगळ्या फायली प्रोग्रॅम स्वतःच शेवटी पुसून टाकायचा. एकदा पगाराचा प्रोग्रॅम इतका स्वच्छ चालला की पगारही राहिला नाही. तरी निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "माणूस टापटिपीचा." बाकीचे लोक टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबले, एवढंच.

निवृत्त झाल्यावर ते घरी आले, आणि घरी वहिनींचा उद्योग जोरात चालू होता. वहिनी मांजरांचं पाळणाघर चालवतात. लोक परगावी निघाले की आपली मांजरं त्यांच्याकडे ठेवून जातात. मागची मोठी खोली मांजरांची; भिंतीला फळ्या, फळ्यांवर टोपल्या, आणि वर कोपऱ्यात कॅमेरे. मालक कुठेही असोत, वहिनींची वेबसाइट उघडली की आपलं मांजर झोपलेलं दिसतं. तासाभराने उघडली तरी झोपलेलंच दिसतं. पण लोक बघतात, आणि त्यासाठी आनंदाने पैसे मोजतात.

सफाचटरावांनी हौसेने मांजरांचं खातं हाती घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात घालवलं. वहिनींचा नियम असा, की मांजराबरोबर मालकाचा न धुतलेला शर्ट घ्यायचा. मांजर त्या वासावर शांत राहतं. यांनी एका दुपारी ते सगळे शर्ट गोळा केले, धुतले, इस्त्री केले आणि ज्याच्या त्याच्या टोपलीत घडी घालून ठेवले. थोड्या वेळाने वरून असा टाहो फुटला की मी चप्पल न घालता जिना चढलो. सगळी मांजरं फळ्यांवर उभी राहून एका सुरात रडत होती, आणि मध्यभागी हे हातात इस्त्री घेऊन उभे.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "उद्यापासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

"मग मी करू काय दिवसभर?"

"साइट सांभाळा. तिला वास नसतो."

अशी त्यांची बदली झाली. घरात आता त्यांच्याकडे हे एवढंच काम उरलं होतं, आणि तेही पूर्णपणे त्यांचं नव्हतं. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी एक छोटं कुलूप दिसतं, ते दिसण्यासाठी एक प्रमाणपत्र लागतं. ही साइट खरोखर तुमचीच आहे आणि मधल्या मध्ये कोणी डोकावत नाही, असा तो दाखला. दर काही महिन्यांनी त्याची मुदत संपते. ते आणून बसवायचं काम वहिनींचा भाऊ करायचा. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान, पण त्याला सगळ्यातलं सगळं येतं. प्रमाणपत्र बसवलं की तो जेवायला थांबायचा, आणि पहिल्या घासाला म्हणायचा, "दाजी, मी नसतो ना, तर..." ते वाक्य तो कधी पुरं करायचा नाही. पुढचं आपण समजून घ्यायचं, आणि त्याला वाढायचं.

यंदा सुट्ट्यांच्या तोंडावर सफाचटरावांनी जाहीर केलं, की प्रमाणपत्र मी आणणार, आणि तेही प्रोग्रॅम लिहून. एकदा लिहिला की तो आपला आपण मुदत संपायच्या आत नवं आणत राहील. कोणाला जेवायला बोलवायला नको.

वहिनींनी भावाला 'या वेळी येऊ नकोस' असं कळवलं, आणि नवऱ्याला बजावलं. "सुट्ट्यांच्या दिवसांत वर्षाची कमाई होते. शुक्रवारी दुपारी जुन्याची मुदत संपतेय. मुदत संपली की साइटऐवजी धोक्याचं लाल पान येतं. ते एकदा जरी लोकांना दिसलं, तर साइट माझ्या भावाकडे. मग तुम्ही नुसते नवरे."

'नुसते नवरे' हे त्यांना फार लागलं. त्यांनी मला ते जिन्यात तीनदा सांगितलं.

"पण प्रमाणपत्र देणारे लोक तुम्हाला ओळखतात का?" मी विचारलं.

"लोक नाहीतच तिथे! सगळं यंत्रच. आपल्या प्रोग्रॅमने त्यांच्या यंत्राशी बोलायचं. आधी खातं उघडायचं. फॉर्म नाही, फोटो नाही, सही नाही."

"मग ओळख पटते कशावरून?"

"किल्लीवरून. प्रोग्रॅम किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. एक त्यांना दाखवायची, दुसरी गुप्त, आपल्याजवळ. अटी मान्य आहेत म्हणायचं, ई-मेलचा पत्ता द्यायचा, आणि गुप्त किल्लीने शिक्कामोर्तब करून पाठवायचं. झालं खातं. मग साइट माझी आहे हे सिद्ध करायचं. ते सांगतील तो मजकूर एका फाइलीत घालून साइटवर ठेवायचा. ते येऊन बघतात, आणि प्रमाणपत्र देतात."

"वा!"

"आणि सगळ्यात छान काय सांगू?" त्यांचे डोळे पाणावले. "प्रत्येक निरोपाबरोबर त्यांच्याकडून एक नवा आकडा घ्यायचा आणि तो जोडायचा. एकदा वापरला की बाद! पुन्हा चालत नाही. फेकून द्यायचा! काय स्वच्छ विचार आहे. असे लोक मला नोकरीत भेटले असते तर."

यंत्रं आहेत ना, असं मी म्हणणार होतो, पण त्यांचा आनंद बघून गप्प बसलो.

हे काम करणारे तयार प्रोग्रॅम फुकट मिळतात, असं मेव्हण्याने फोनवर सुचवलं होतं. पण तयार प्रोग्रॅमबरोबर नको असलेल्या दहा गोष्टी घरात येतात, म्हणून यांनी ते नाकारलं. सराव करायला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने वेगळी जागा ठेवली आहे. तिथे कितीदाही चुकलं तरी चालतं. पण सराव केला म्हणजे सरावाचा पसारा होणार. तोही नाकारला. आणि शुक्रवारी सकाळी आंघोळ करून, टेबल पुसून, त्यांनी थेट खरा प्रोग्रॅम चालवला.

खातं उघडलं गेलं. त्यांनी वहिनींना हाक मारली, "अगं, उघडलं!" वहिनी एका आजारी बोक्याला औषध पाजत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "कुलूप दिसलं की बोलवा."

कुलूप काही दिसेना. यंत्राचं उत्तर आलं की तुमच्या साइटवर फाइल सापडली नाही. यांनी पत्ता तपासला, बरोबर. मजकूर तपासला, बरोबर. पुन्हा चालवला. फाइल सापडली नाही. इंटरनेटचा डबा पुसून पाहिला. पुन्हा चालवला. फाइल सापडली नाही. असं बराच वेळ चाललं, आणि मग एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांचा प्रोग्रॅम फाइल ठेवत होता आणि लगेच, जागच्या जागी, आवरून टाकत होता. पाहुणा दारात येईपर्यंत ताट उचललेलं!

त्यांनी ते दुरुस्त केलं. बघणारा बघून जाईपर्यंत फाइल राहू द्यायची. एवढा वेळ एक फाइल नुसती पडून राहणार याचा त्यांना त्रास झाला, पण धंद्यासाठी माणूस काय काय सोसतो. आणि त्यांनी पुन्हा प्रोग्रॅम चालवला.

या वेळचं उत्तर वेगळं होतं. 'या जागेवरून फार नवी खाती उघडली गेली आहेत. काही तासांनी प्रयत्न करा.'

"फार?" ते स्क्रीनला म्हणाले. "मी तर एकच उघडलं!"

मग त्यांनी स्वतःचा प्रोग्रॅम वरून खाली वाचला. शेवटच्या ओळीवर आले, आणि त्यांचा चेहरा उतरला. शेवटची ओळ त्यांची नेहमीची, नोकरीभर लिहिलेली: काम झाल्यावर सगळं पुसून टाक. त्या सगळ्यात गुप्त किल्लीही होती. प्रत्येक वेळी किल्ली सापडेना म्हणून प्रोग्रॅम नवी घडवत होता, नवा माणूस म्हणून दार वाजवत होता, खातं उघडत होता आणि किल्ली टाकून देत होता. तिकडच्या यंत्राच्या दृष्टीने त्या सकाळी एकाच घरातून एकामागून एक अनोळखी माणसं बाहेर पडत होती, सगळी एकाच मांजरांच्या पाळणाघरासाठी.

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना सगळं सांगावंच लागलं.

"म्हणजे," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "शर्ट पुन्हा धुतलात."

त्यांनी फडकं घेऊन स्क्रीन पुसायला सुरुवात केली.

तेवढ्यात दुपार झाली आणि पहिला फोन वाजला. एका शाळेच्या मुख्याध्यापिका परगावाहून बोलत होत्या. त्यांचा आवाज मला खाली ऐकू आला, यावरून अंदाज करा.

"अहो, स्क्रीनवर लिहिलंय की चोर तुमची माहिती पळवू शकतात! कसले चोर? माझी राणी कुठाय?"

"बाई, राणी इथेच आहे. माझ्या पायाशी आहे."

"मग मला दिसत का नाही? तिला बोलायला लावा!"

वहिनींनी फोन राणीच्या तोंडाशी धरला. राणी अर्थातच काही बोलली नाही. ऐन वेळी कुठलंच मांजर बोलत नाही. शेवटी वहिनींनी स्वतःच हळूच 'म्याऊ' केलं, तेव्हा बाईंना हुंदका फुटला. "तिचाच आवाज," त्या म्हणाल्या.

पण सगळ्यांनाच असं समजावता येणार नव्हतं. फोन वाजतच राहिले. दोन बुकिंगं रद्द झाली. आणि मग दारात मेव्हणा उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याने दुकानात बसून साइट उघडली होती आणि तो लाल पान बघून निघाला होता. हातात बॅग, चेहऱ्यावर दुःख. पण दुःखाच्या खालून आनंद असा डोकावत होता, जसा आखूड चादरीतून अंगठा.

"दाजी," तो बसता बसता म्हणाला, "मी नसतो ना, तर..."

सफाचटरावांनी बायकोकडे पाहिलं. वहिनींनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा वाजणाऱ्या फोनकडे.

"हा आत्ता बाहेरून आलाय," त्या म्हणाल्या. "आधी चहा घेईल. त्याचा चहा होईपर्यंत तुम्हाला वेळ. मग त्याला करू द्या."

आणि मग हे गृहस्थ लॅपटॉप छातीशी धरून माझ्या दारात आले. मांजराच्या तोंडातून सुटलेला उंदीर इतक्या घाईने आत येत नाही.

"तुमचं इंटरनेट वेगळं आहे ना?" ते धापा टाकत म्हणाले. "माझ्या जागेवरून आता खातं उघडू देत नाहीत. तुमच्या जागेवरून उघडतो. एकदा उघडलं आणि किल्ली हातात आली, की वर नेईन, साइट वरच्याच कॉम्प्युटरवर आहे. जुन्या खात्याला वरून काही अडचण नाही, अडचण फक्त नवीन उघडायला आहे."

मी त्यांना टेबल दाखवलं. म्हणजे टेबल ज्या बाजूला असावं ती बाजू दाखवली. माझ्या घराबद्दल मी इतकंच म्हणेन की मी वहिनींच्या नवऱ्याच्या अगदी उलट आहे. त्यांनी तो ढीग पाहिला, आणि काहीही न आवरता वरच्या वर्तमानपत्रांवर लॅपटॉप ठेवला. त्यावरून मला कळलं की परिस्थिती खरोखर गंभीर आहे.

प्रोग्रॅम चालला. 'खातं तयार झालं.'

"मिळालं!" मी ओरडलो.

ते मात्र थिजले होते. "पुसली," ते म्हणाले.

"काय?"

"शेवटची ओळ. ती काढायची राहिली."

शेवटची ओळ निवडून ते बसून राहिले. बोट बटणावर, पण दाबवत नव्हतं. वरून वहिनींचा आवाज आला, "अरे, अजून घे ना अर्धा कप!"

"दाबा की!" मी म्हटलं.

"दाबतोय हो. इतक्या वर्षांची सवय आहे. या ओळीशिवाय मी एकही प्रोग्रॅम पुरा केलेला नाही. उघड्या अंगाने बाहेर पडल्यासारखं वाटतंय."

"कुठे बाहेर? माझ्याच घरात आहात. दाबा."

त्यांनी डोळे मिटून दाबलं. ओळ गेली. प्रोग्रॅम पुन्हा चालला. 'खातं तयार झालं.' आणि या वेळी फोल्डरमध्ये एक छोटीशी फाइल राहिली, एकटी, नको त्या वेळी आलेल्या पाहुण्यासारखी. ती किल्ली. त्यांनी ती दुरुस्त प्रोग्रॅमसकट पेन ड्राइव्हवर घेतली, पेन ड्राइव्ह मुठीत घेतला, आणि आम्ही जिना चढलो. मी मागे होतो, कारण मूठ उघडली तर बघायला कोणीतरी हवं होतं.

वर बघतो तर मेव्हणा खुर्चीत मागे रेलून बसलेला. समोर कप, शेजारी दुसरा कप, आणि वहिनी किटली घेऊन उभ्या.

"ताई, पुरे गं," तो काकुळतीने म्हणत होता. "पोटात चहाच हलतोय नुसता."

"असं कसं, इतक्या उन्हातून आलास. आलं घातलेला घेतलास, आता साधा घे." आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "याचा चहा अजून व्हायचाय."

सफाचटरावांनी खुर्ची ओढली. किल्ली आणि प्रोग्रॅम घरच्या कॉम्प्युटरवर उतरवले. प्रोग्रॅम चालवला. तो नेहमीप्रमाणे आधी खातं उघडायला गेला, आणि आम्ही तिघं श्वास रोखून बघत राहिलो. चौथा श्वास रोखण्याच्या स्थितीत नव्हता.

उत्तर आलं. या वेळी 'तयार झालं' असं नव्हतं. 'या किल्लीचं खातं आधीच आहे. हे तुमचं खातं.'

"ओळखलं," ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, "अगं, ओळखलं त्यांनी मला!"

"ओळखलं ना? मग कुलूप लावायला सांगा त्यांना," वहिनी म्हणाल्या. पण किटली त्यांनी खाली ठेवली.

फाइल साइटवर गेली. तिकडचं यंत्र आलं, बघून गेलं. मग फाइल आवरली गेली. ती आवरायची परवानगी होती, आणि त्यांनी ती आवडीने आवरली. प्रमाणपत्र आलं, बसलं. वहिनींनी आपल्या फोनवर साइट उघडली. लाल पान नाही. पत्त्याशेजारी छोटं कुलूप, आणि खाली राणी, फळीवर पाठ करून झोपलेली.

वहिनींनी मुख्याध्यापिकांना फोन लावला. रद्द झालेल्या दोघांना लावला. त्यातला एक परत आला, दुसरा म्हणाला बघतो. फोन ठेवून त्या भावाकडे वळल्या.

"तू जेवूनच जा आता."

"नको ताई," मेव्हणा कष्टाने उठत म्हणाला. "जेवायला जागाच नाही." दारात तो थांबला. सवयीने "दाजी, मी नसतो ना, तर..." इथपर्यंत आला, आणि मग त्याचं त्यालाच पुढे काय म्हणावं सुचेना. शेवटी तो म्हणाला, "...तर चहा उरला असता," आणि निघून गेला. ते वाक्य पुरं झालेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

साइट सफाचटरावांकडेच राहिली. वहिनींनी तसं काही जाहीर केलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याबद्दलची एक तक्रार आली तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "ते आमच्याकडे हे बघतात." हेही सफाचटरावांनी मला जिन्यात तीनदा सांगितलं.

पण त्याआधी, शुक्रवारी संध्याकाळीच, ते पुन्हा माझ्याकडे आले होते. पेन ड्राइव्ह मुठीतच होता.

"हा तुमच्याकडे ठेवा," ते म्हणाले. "कॉम्प्युटरवर एक प्रत आहे. पण उद्या माझा काही भरवसा नाही. पंधरा दिवस ती फाइल नुसती बसलेली दिसली, की माझा हात जाणार. मी स्वतःला ओळखतो."

"अहो, ही तुमची गुप्त किल्ली. शेजाऱ्याकडे ठेवतात का कोणी?"

"मी विचार केलाय. तुमच्या घरात ठेवलेली वस्तू तुम्हालाच सापडत नाही. चोराला काय सापडणार? आणि तुम्ही काही टाकत नाही. याहून सुरक्षित जागा मला माहीत नाही."

हा अपमान होता की सन्मान, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पेन ड्राइव्ह मी घेतला, आणि तो या घरात आहे, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. ते अधूनमधून येतात, "आहे ना?" विचारतात, मी "आहे" म्हणतो. मग ते थोडा वेळ बसतात, आणि बोलता बोलता त्यांचा हात माझ्या टेबलावरच्या जुन्या वर्तमानपत्रांकडे सरकायला लागतो. मी वहिनींना खालूनच हाक मारतो.